शेवटच्या बाकावरची पालकसभा

शालनला कुणी विचारलं, पोरगी कितवीत, तर ती नुसतं ‘सहावीत’ म्हणून थांबायची नाही. ‘सहावी अ’ म्हणायची, आणि त्या ‘अ’वर चांगला जोर द्यायची. का देऊ नये? डोंबिवली एमआयडीसीतल्या रंगाच्या कंपनीत ती पिंपं धुवायची, नवरा कुंडलिक तिथेच वॉचमन, आणि अख्ख्या चाळीतून अ तुकडीत पोचलेली पोर एकच, त्यांची उत्तरा. मग मिरवायचं नाही तर काय करायचं?

तर सत्याऐंशीच्या दिवाळीनंतर वर्गाच्या वर्तकबाईंचा निरोप आला. सहामाहीत उत्तराचे मार्क घसरलेत, असंच चाललं तर सातवीला क तुकडी. क तुकडीत गेलेलं पोर पुन्हा वर येत नाही, हे चाळीतलं शेंबडं पोरही सांगेल.

पालकसभेला बाईंनी प्रत्येकाला आपल्या मुलाच्या जागेवर बसवलं. डॉक्टरीणबाई पहिल्या बाकावर, बँकेतले साहेब त्यांच्या मागे, आणि शालन पार भिंतीला टेकून. हुशार मुलं पुढे बसवायची, अशी वर्गाची पद्धत. आता हुशारी म्हणजे बहुतेक घरची शिकवणीच, पण ते बोलायचं कुणी?

बाई फळ्यावर काही लिहू लागल्या. शालनने मान वाकडी करकरून पाहिलं. खिडकीच्या उजेडाने फळा नुसता चमकत होता. शेजारच्या बाईने कोपर मारलं, पण गप्प बसायला शालन आली नव्हती. ती उभी राहिली.

“बाई, मी चौथी शिकलीय, वाचता येतं मला. पण इथून काय दिसतच नाही हो. माझ्या पोरीला कसं दिसत असेल?”

वर्तकबाईंनी खडू ठेवला, मागे आल्या आणि शालनच्या शेजारी बसून फळ्याकडे बघत राहिल्या.

“इतकी वर्षं शिकवतेय,” त्या हळूच म्हणाल्या, “इथे कधी बसलेच नाही.”

मोठ्या मनाची बाई, हे म्हणायलाच हवं. त्या सोमवारपासून दर आठवड्याला मुलांचे बाक बदलू लागले. डॉक्टरीणबाईंनी कुरकुर केली, ती बाईंनी कानाआड केली. उत्तराची पाळी पहिल्या बाकावर आली, तर संध्याकाळी पोरगी तोंड पाडून घरी.

“आई, पुढे बसून मैत्रिणींशी बोलताच येत नाही गं.”

“बोल की,” शालन म्हणाली, “बाईंशी बोल.”

पोरगी बोलायला लागली. आधी चाचरत, मग बाईंना पुरे म्हणावं लागेल इतकी.

निकालाच्या दिवशी शालन नळावर हंडा घेऊन उभी होती. तिला कुणी काही विचारलंसुद्धा नव्हतं.

“सातवी अ,” ती म्हणाली.