डावा कान

आमच्या ह्यांना ऊन लागत नाही, असं त्यांचंच म्हणणं. जयपूरच्या लष्करी वसाहतीत वर्षानुवर्षं जवानांना कवायत शिकवली, अगदी मे महिन्यातसुद्धा. सनस्क्रीनचं नाव काढलं की म्हणायचे, "मला काय तमाशात नाचायचंय व्हय?" साताऱ्याचे आहेत. अक्कल तिकडेच ठेवून आले असावेत.

मी पिच्छा सोडला नाही, तेव्हा एकदाचे सी-स्कीमच्या बाजारात जाऊन सगळ्यांत मोठ्या एसपीएफ आकड्याची ट्यूब घेऊन आले. लावली किती? हरभऱ्याच्या डाळीएवढी, तीही नाकाला आणि कपाळाला. "आकडा मोठा आहे, थोडं पुरतं," हे वर ज्ञान. कपाळावर तर टोपीच असते. ट्यूब ठेवली गाडीत काचेखाली, तिथे आतल्या मलमाचं पाणी झालं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

टोपी उजवीकडे कललेली, म्हणून डावा कान दिवसभर उन्हात. त्या कानाच्या कडेला खपली धरली. पडायची, पुन्हा धरायची. म्हणे, दाढी करताना लागलं असेल. कानाची दाढी करणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते.

शेवटी ओढत दवाखान्यात नेलं. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी खपलीची जागा कापून तपासणीला पाठवली. रिपोर्ट येईपर्यंत मला अन्न गोड लागेना, आणि हे आपले टीव्हीसमोर क्रिकेट बघत बसलेले. मला त्यांचा तिटकारा आला. चहा द्यायला गेले तेव्हा कळलं, टीव्हीचा आवाज बंद होता आणि सामना केव्हाच संपून जाहिराती चालल्या होत्या.

कॅन्सर नव्हता, पण वाट तिकडचीच होती. बाईंनी यांना शाळकरी पोरासारखं बजावलं, "आकडा तीस असो की पन्नास, दोन बोटांवर भरून घ्यायचं. कान, मान सोडायची नाही. उन्हात असाल तर दोन तासांनी परत." हे 'जी मॅडम' म्हणाले. मला आयुष्यात एकदाही म्हणाले नाहीत.

आता रोज सकाळी मीच लावते. खिडकीसमोरच्या मैदानावर जवान जमत असतात.

"आधी पडदा ओढ. पोरं बघतील."

सुंभ जळलं तरी पीळ जात नाही. मी पडदा ओढत नाही. खाच पडलेल्या त्या कानावर जरा जोरातच चोळते, आणि अख्ख्या मैदानाला सावधान करणारा हा माणूस माझ्यापुढे मान खाली घालून उभा राहतो.