डब्यातून गेलेला प्रबंध

माझ्या वहिनीचा लघुप्रबंध निम्मा ग्रंथालयात झाला आणि निम्मा एस.टी.त. हे कुणाला सांगितलं की लोकांना वाटतं मी नेहमीसारखी फेकतेय. फेकत नाही. तो डबा अजून माझ्याकडे आहे. कितीही घासला तरी त्याला झेरॉक्सचा वास येतो, असं माझी खोलीतली मैत्रीण म्हणते. खरं तर या विषयावर तिनं तोंडच उघडू नये. का, ते सांगतेच.

मी तेव्हा कोल्हापुरात विद्यापीठाच्या वसतिगृहात राहून एम.एस्सी. करत होते. घर नेसरीला. मेसची आमटी मला पहिल्या आठवड्यातच नकोशी झाली, तेव्हापासून दर दोन-तीन दिवसांनी घरून डबा यायचा. सकाळी दादा नेसरीच्या स्टँडवर चंदगडहून आलेल्या गाडीत ड्रायव्हरशेजारी डबा ठेवायचा आणि मी कोल्हापूरच्या स्टँडवर जाऊन तो उतरवून घ्यायचे. रिकामा डबा तसाच उलट जायचा. आमच्याकडं पोरं शिकली ती अशीच, ड्रायव्हर-कंडक्टरांच्या जिवावर. माझ्या डब्याचं फडकं पिवळं आणि मैत्रिणीचं हिरवं. ती आजऱ्याची. तिच्या घरी काजू फोडायचा छोटा कारखाना आहे. डबे मात्र दोघींचे अगदी सारखे, कारण महाद्वार रोडला एकाच दिवशी, एकाच दुकानात, घासाघीस करून घेतलेले.

आता वहिनी. दादाशी लग्न झालं तेव्हा ती याच विद्यापीठात एम.ए.ला होती. परीक्षा दिली, पण लघुप्रबंध राहिला. मग बाळ झालं, मग आणखी राहिला. शेवटी विभागातून निरोप आला की या सत्राअखेर प्रबंध आला नाही तर नोंदणी रद्द, सगळं पहिल्यापासून. आणि पहिल्यापासून म्हणजे कधीच नाही, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. ती कुणापुढं रडली नाही. मला फोनवर एवढंच म्हणाली, "वन्सं, लायब्ररीत जाऊन याल का जरा?"

जरा! तिचा विषय होता आमच्या भागातल्या दूध संस्था आणि त्यातल्या बायका. मी रसायनशास्त्रवाली. माझा म्हशींशी संबंध चहापुरता. तरी गेले. बॅग बाहेरच्या काउंटरला दिली, बिल्ला घेतला आणि संदर्भ विभागातल्या मॅडमपुढं उभी राहिले. या मॅडमना सगळे टरकायचे. त्यांनी माझं ओळखपत्र बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

"रसायनशास्त्र आणि दूध संस्था? भेसळीवर काम आहे का?"

मी सगळं सांगून टाकलं. वहिनी, बाळ, नेसरी, सत्रअखेर. सांगता सांगता माझा आवाज चढला, कारण मला वाटलं आता ह्या म्हणणार, स्वतः येऊ दे तिला. झालं उलटंच. त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि म्हणाल्या, "तिची नोंदणी चालू आहे ना? मग ती आमची वाचक आहे. इथं येता येत नाही म्हणून वाचक नाही असं कुठं असतं? आणि हळू बोल, लोक अभ्यास करतायत."

त्या दिवशी मला कळलं की ग्रंथालय म्हणजे नुसती कपाटं नाहीत. मॅडमनी वहिनीच्या नावानं घरून बघता येईल असं लॉगिन काढून दिलं. म्हणजे विद्यापीठ पैसे भरून जी नियतकालिकं घेतं, ती तिला नेसरीत बसून वाचता येणार. मी दोन वर्षं त्याच आवारात राहून, त्याच वायफायवर नुसती रिळं बघत होते, आणि अशी काही सोय आहे याचा मला पत्ता नव्हता. जुने बांधीव अहवाल मात्र संगणकावर नव्हते. ते मॅडम माझ्यासाठी काढून ठेवायच्या आणि हवी ती पानं मी झेरॉक्स करायचे.

लॉगिन मिळाल्यावर मला वाटलं, जिंकलं. कसलं काय. चारच दिवसांत वहिनीचा फोन. लॉगिन चालतंय, रेंजही येतीय, पण घरात चालत नाही. कारण ती मोबाईल हातात घेऊन वाचायला बसली की बाळ तो ओढायचं आणि आमच्या आईसाहेब सोप्यातून ऐकवायच्या, "बसली बघा मोबाईल घिऊन. हिला कामं दिसत न्हाईत." वहिनीनं स्क्रीन दाखवून समजावलं. आईचं उत्तर ठरलेलं, "मोबाईल त्यो मोबाईल." तेच कागद हातात असला की आई शेजारच्या बायकांना दारातून परत पाठवायची. "अब्यास करतीया ती. मागनं या."

म्हणजे अक्षरं तीच, पण कागदावर असली तर अभ्यास आणि काचेवर असली तर टाइमपास. मी फोनवर आईशी भांडले. काही उपयोग झाला नाही. मग म्हटलं ठीक आहे, कागद तर कागद. मी ग्रंथालयात बसून वहिनीला हवे असलेले लेख डाउनलोड करून घ्यायचे, छापायचे, गुंडाळी करून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचे आणि रिकाम्या डब्यात सारून गाडीत ठेवायचे. वहिनी बाळ झोपलं की वाचायची, हातानं प्रकरण लिहायची आणि भाकरीच्या डब्यातून मला पाठवायची. मी ते टाइप करून तिच्या सरांना द्यायचे. सर पेन्सिलीनं खुणा करायचे आणि प्रकरण पुन्हा गाडीत. सर एकदा कागद नाकाशी नेऊन म्हणाले, "याला लसणाच्या चटणीचा वास येतोय." मी म्हटलं, "सर, चटणी जवसाची आहे." सर हसले, आणि पुढच्या वेळी मी त्यांना थोडी नेऊन दिली.

असं करत शेवटच्या प्रकरणाशी आलो. ते सरांनी परत दिलं तेव्हा शेवटच्या पानावर पेन्सिलीनं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, "सगळे अहवाल झाले. बायका स्वतः काय म्हणतात?" सोमवारी प्रबंध द्यायचा होता आणि आज गुरुवार. आता वहिनी कडेवर पोर घेऊन कुठं मुलाखती घेत फिरणार? पण निरोप पोचवणं भाग होतं. खुणा केलेलं प्रकरण आणि राहिलेल्या झेरॉक्स डब्यात घातल्या. मला प्रॅक्टिकल होतं म्हणून मैत्रिणीला म्हटलं, तुझ्या डब्याबरोबर माझाही नेसरीच्या गाडीत ठेव, नीट बांध. ती म्हणाली, "तू काय काळजी करू नकोस."

संध्याकाळी वहिनीचा फोन आला. "वन्सं, ह्यो ब्लाऊज कुणाचा?"

मैत्रिणीनं घाईत पिवळ्या फडक्यात आपला डबा बांधला होता आणि हिरव्यात माझा. तिच्या डब्यात होता तिच्या आईकडून सैल करून घ्यायचा ब्लाऊज, तो गेला नेसरीला. आणि माझ्या वहिनीचा अख्खा शेवट गेला आजऱ्याला. मी मैत्रिणीला काय काय बोलले ते छापण्यासारखं नाही. ती बिचारी रडवेली होऊन घरी फोन लावत होती. मी तो तिच्या हातातून घेऊन स्पीकरवर टाकला.

"व्हय, आलीत की कागदं," तिची आई निवांत म्हणाली. "मी वाचतोय न्हवं."

"वाचताय?"

"मोठ्यानं वाचतोय. काजू फोडाय बायका बसल्यात, त्यास्नी. आमच्यातल्या समद्याच दूध घालत्यात संस्थेला. आमचीच कथा हाय की ही. पुढचं कधी धाडतीस?"

मागून काजू फोडल्याचा कटकट आवाज येत होता आणि कुणीतरी बाई "ते मगाचं पुन्यांदा वाचा" म्हणत होती. माझा राग कुठल्या कुठं गेला. मी सांगितलं की पुढचं काही नाही, हाच शेवट आहे आणि सोमवारी तो हवाय. त्यावर काकू म्हणाल्या, "मग ड्रायव्हरकडं कशाला देतोय आता. आजऱ्यासनं नेसरी काय लांब हाय व्हय? शनिवारी मीच येतो घिऊन."

शनिवारी मीही पहिली गाडी धरून घरी गेले. दुपारी काका-काकू मोटारसायकलवर हजर. आई दारात गेली. "या पावणं, या. कोण म्हणायचं?"

काकूंनी पिशवीतून काजूचा पुडा काढला आणि त्याच्याखालून वहिनीचं प्रकरण, सरळ करून, पुठ्ठ्यात घातलेलं. "तुमच्या सुनंची कागदं. लई भारी लिवलंय हो पोरीनं." परगावची माणसं गाडी काढून आपल्या सुनेचे कागद पोचवायला येतात, हे आईला पटायला वेळ लागत होता. वहिनीनं चहा ठेवला, आणि काकूंच्या हातात ब्लाऊज दिला. तो तिनं आधीच उसवून, सैल करून, बटणं लावून ठेवला होता.

चहा घेता घेता काकूंनी आईला सरळच विचारलं, "तुमच्या संस्थेत नाव कुणाचं हाय?"

"ह्यांचं," आई म्हणाली.

"आमचंबी ह्यांचंच. आणि धारा कोण काढतंय?"

झालं. आमच्या आईला मी एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. पहाटेचं उठणं, वैरण, आटलेली म्हैस, संस्थेच्या मीटिंगला बायकांनी का जायचं नाही, सगळं निघालं. काकू "व्हय की" म्हणत आपलंही घालत होत्या. बाबांनी पेपर तोंडापुढं धरला तो खाली घेतलाच नाही, आणि काका आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसले. चहा गार झाला. मी वहिनीकडं बघितलं. बाळाला मांडीवर घेऊन, सरांचा प्रश्न असलेलं पान पुढ्यात ठेवून, मिळेल त्या कागदाच्या पाठीवर ती भराभर लिहीत होती. आईचं लक्ष गेलं.

"काय लिवतीस ग?"

"तुम्ही बोलताय ते, आत्ती."

आईनं पदर सारखा केला. "मग नीट लिव," म्हणाली. "म्हशीला माझा हात ठावा हाय. संस्थेला ह्यांची सही ठावी हाय. लिवलंस?"

"लिवलं," वहिनी म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. माझेही आले, उगाच कशाला लपवू.

रविवारभर मी टाइप करत होते, वहिनी सांगत होती आणि आईनं बाळ आमच्या जवळ फिरकू दिलं नाही. सोमवारी वहिनी स्वतः कोल्हापूरला आली. प्रबंध आम्ही विभागात दिला तेव्हा क्लार्क जेवायला उठतच होते. ते पुन्हा बसले आणि पोच दिली. बाहेर आल्यावर आम्ही दोघींनी भर दुपारी, रिकाम्या पोटी, तिखटजाळ मिसळ खाल्ली. वहिनी नाक पुसत हसत होती आणि मी तिला इतकी मोकळी हसताना पहिल्यांदाच बघत होते.

पुढं वहिनीचा निकाल लागला. प्रबंधाची एक प्रत विभागानं ग्रंथालयाला दिली. वहिनीचं प्रमाणपत्र घ्यायला आम्ही सगळ्या आलो तेव्हा आईनं हट्टच धरला, मला ते बघायचंय. ग्रंथालयाच्या दारात वॉचमननं अडवलं. "मावशी, कुणाकडं?"

"माझं बोलणं ठेवलंय आत," आई म्हणाली. "बघाय आलोय."

तो बिचारा माझ्याकडं बघायला लागला. मॅडमना निरोप गेला, त्या स्वतः उठून आल्या आणि आईला आत घेऊन गेल्या. संगणकावर विषय टाकला तर यादीत वहिनीचं नाव आलं. मॅडमनी प्रत काढून टेबलावर ठेवली. वहिनीनं शेवटचं प्रकरण उघडून दिलं. आई बोट ठेवून सावकाश वाचत गेली आणि एकदम थांबली.

"'एक महिला सांगते'? म्हंजे हितंबी माझं नाव न्हाईच व्हय?"

शांत वाचनकक्षात दहा माना वळल्या. मला हसू आवरेना. वहिनी कुजबुजत सांगायला लागली की आत्ती, बोलणाऱ्यांची नावं छापायची नसतात, तसा नियमच असतो. आईचा चेहरा काही बदलेना. संस्थेत नाही, रेशनकार्डावर सासरी बदललेलं, आणि आता इथंही नाही. मग वहिनीनं पानं उलटी फिरवत अगदी सुरुवातीला नेली, जिथं आभार मानलेले असतात. पहिल्याच ओळीत, सरांच्याही आधी, आईचं नाव होतं. बाबांचं नाही, आडनावाआड लपलेलं नाही, तिचं स्वतःचं.

आईनं त्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. मग तिनं मॅडमना विचारलं, "ह्ये कुणी मागितलं तर देता?"

"देतो. पण घरी न्यायला नाही, इथंच बसून वाचायचं."

"ब्येस हाय," आई म्हणाली. "घरी न्हेऊ दिलं तर पुन्यांदा आजऱ्याला जायचं."