उपाशी सेनापती

हसणार असाल तर चहाचा कप आधी खाली ठेवा, नाहीतर ठसका लागेल. लातूरच्या एका डाळमिलमध्ये मी माझी काय शोभा करून घेतली, ती आज सांगूनच टाकतो.

तुम्हाला माहीतच आहे, मी नांदेडला कॉलेजात जन्मभर इतिहास शिकवला. निवृत्त झाल्यावर माणसानं गप्प बसावं की नाही? पण मला वाटलं, इतके वेढे, इतक्या मोहिमा आपल्या डोक्यात नुसत्या पडून आहेत, त्या कारखान्यांच्या साहेबांना तरी शिकवाव्यात. 'लढायांतून नेतृत्व' असं कार्डसुद्धा छापलं. कार्डं संपत आली, पण बोलावणं काही येईना. आमची ही म्हणायची, "घरात तरी कोण ऐकतं तुमचं?"

आणि एक दिवस माणिकरावांचा फोन आला. लातूरच्या त्या डाळमिलचे मालक. म्हणाले, "एक दिवस येऊन बोला, सर. पण मी मानूस पारखून घेतो. बोलतो तसं वागणारा असंल तर दर महिन्याला बोलावतो. न्हाई तर राम राम."

दर महिन्याला काम म्हणजे काय, कळतंय ना? हिच्यासमोर ताठ मानेनं दुसरा चहा मागायची सोय.

पहाटेची एसटी धरली, त्यात नाश्ता बुडाला. मिलच्या गोदामात तुरीच्या पोत्यांपुढे उभा राहिलो आणि असा बोललो म्हणता! समोर मालक, मॅनेजर, मुकादम शेषेराव, सगळे हमाल. रसद कशी तुटते, वेढ्यात धीर कसा सुटतो, काही ठेवलं नाही. शेवटी आवाज चढवून म्हणालो, "खरा सेनापती कोण? आपली माणसं जेवल्याशिवाय जो घासाला हात लावत नाही, तो!"

टाळ्या पडल्या. माणिकरावांनी तर चष्मा काढून डोळे पुसले. मला वाटलं, जमलं आपलं.

आणि लगेच जेवणाची वेळ झाली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

गोदामातच पंगत मांडलेली. वरण-भात, पोळ्या, वांग्याची भाजी, बुंदी. माझ्या पोटात कावळे ओरडत होते. माणिकराव म्हणाले, "बसा, सर."

"छे छे. आधी तुमची माणसं."

"मग मीबी थांबतो," मालक म्हणाले.

मालक थांबले म्हणून मॅनेजर थांबला. मॅनेजर थांबला तसा शेषेराव मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "हमालांचा सेनापती तर मीच की." उरले हमाल. मॅनेजरनं त्यांना आधी बळंच बसवलं, ताटं वाढली. पण कुणी हात लावीना.

"अहो, जेवा की," मी म्हणालो.

"न्हाई सर," त्यांच्यातले एक वयस्क हमाल म्हणाले. "पाव्हणा उपाशी अन् आपण खायचं? आमच्यात लई वंगाळ दिसतंय ते."

आता हे माझ्या इतिहासात कुठे होतं? आपल्याकडे पाहुण्यानं पहिला घास घेतल्याशिवाय पंगत हलत नाही, हे मी पार विसरलो होतो. मी खाल्ल्याशिवाय ते खाणार नाहीत आणि त्यांनी खाल्ल्याशिवाय मला खाता येत नाही. माणिकराव माझ्याकडे टक लावून बघतायत. बसलो की दर महिन्याचं काम गेलं. वेढ्यात सापडलो होतो आणि रसद समोर वाफाळत होती.

"सर, वरण गार व्हायलंय," शेषेराव म्हणाला.

"धीर धरा."

"धीर धरला की. भूक धरवत न्हाई."

मला तरी कुठे धरवत होती? शेवटी म्हणालो, "मी जरा स्वयंपाक बघून येतो. सेनापतीनं रसद स्वतः तपासायची असते." आणि पत्र्याच्या आडोशामागे सटकलो. तिथे गयाबाई पोळ्या लाटत होत्या.

"काय पायजे, सर?"

"काही नाही. बुंदी कशी जमलीय ते बघतो."

म्हटलं आणि भली मोठी मूठ तोंडात कोंबली. खरं सांगतो, तशी बुंदी जन्मात खाल्ली नाही. दुसरी मूठ तोंडाशी नेतोय, तोच गयाबाईंनी आडोशाबाहेर मान काढून खणखणीत आवाजात जाहीर केलं, "पाव्हण्यानं घास घेतला हो! चला, करा सुरू!"

त्या बिचारीला वाटलं, पंगतीची अडचण सोडवली. पंगत अशी तुटून पडली की काही विचारू नका. मी बाहेर आलो तो दोन्ही गाल फुगलेले, बोलायची सोय नाही. माणिकराव सावकाश जवळ आले. मनात म्हटलं, आला राम राम.

"सर, बोलता तसं वागायला तुम्हाला जमत न्हाई," ते म्हणाले. मी मान खाली घातली. "पण एक हाय. ह्या मिलमदी आज पहिल्यांदा मॅनेजरनं हमालांना 'आधी तुम्ही बसा' म्हणलं. लई बरं वाटलं मला. दर महिन्याला येत जा."

बुंदी एकदाची घशाखाली उतरली. इतका आनंद झाला की विचारता सोय नाही. म्हटलं, "नक्की येतो, मालक. माझ्यासाठी काही सूचना?"

"एकच," माणिकराव हात जोडून म्हणाले. "येताना घरून जेवून या."