तटावरची माणसं थोडी

ऑफिसात तिला सगळे किल्लेदारीण म्हणत. वास्तुशास्त्र शिकून काही वर्षं तिने एका बिल्डरकडे जिन्यांचे आणि न्हाणीघरांचे नकाशे काढले, मग कंटाळून गेम बनवणाऱ्या कंपनीत शिरली. तिथे युद्धाचा गेम तयार होत होता. खेळणाऱ्यांचे दोन गट, दोघांच्याही हाती बंदुका. एकाने किल्ल्यावर चढाई करायची, दुसऱ्याने तो राखायचा. किल्ला उभा करायचं काम तिच्याकडे आलं आणि बाईला जणू माहेरच सापडलं.

तिने नदीकाठचा एक खराखुरा किल्ला निवडला. एका मोठ्या युद्धात तो कित्येक आठवडे झुंजला होता आणि शेवटी पडला होता. जुने आराखडे, पिवळे पडलेले फोटो, मिळेल ते तिने जमवलं. खंदकाची रुंदी, तटाचा उतार, कुठल्या बुरुजावरून कुठला कोपरा दिसतो, सगळं जसंच्या तसं उतरवलं. एका दगडाचीही लबाडी केली नाही.

आणि तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं. चढाई करणारा गट दरवेळी हरायचा. खंदकात पाऊल टाकलं की वरून गोळ्यांचा पाऊस. चाचणीला आलेले खेळाडू त्या बाजूला बसायलाच तयार होईनात. कंपनीच्या मोठ्या बाईंनी तिला बोलावून सांगितलं की तटाला एक मोठं भगदाड पाड आणि मोकळी हो. ती म्हणाली, असं भगदाड तिथे कधी नव्हतंच. बाईंनी मग हट्ट सोडला.

"बरं. महिनाअखेरपर्यंत बघ काय जमतंय ते. तोवर वरच्यांना मी थोपवते."

त्यांनी खरंच थोपवलं. किती बोलणी खाल्ली ते कधी कळू दिलं नाही.

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान. गेमशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. पण बदल केला की तो अनुभवायला कोणीतरी नवखं माणूस हवं असायचं. मग दुकान बंद करून आला की तो तिच्या शेजारच्या खुर्चीत बसायचा आणि चढाईला निघायचा. बाकीच्या जागा ऑफिसातली मंडळी आपापल्या घरून भरत. चहा निवायच्या आत हा गृहस्थ चार-पाचदा धारातीर्थी पडलेला असायचा. ती झाडं सरकवायची, धुराचे गोळे द्यायची, खंदकाला एक आडोसा करायची. हा पुन्हा उठायचा, पुन्हा पडायचा. कुरकुर म्हणून नाही.

एका रविवारी मात्र त्याने हात टेकले. पुन्हा मेला होता. चष्मा काढून डोळे चोळत म्हणाला, "तुझ्या किल्ल्यात कुणाला रजा मिळतच नाही का गं? जिकडून चढावं तिकडे एकजण ताजातवाना उभाच."

ती हसली, आणि हसता हसता थांबली. खऱ्या किल्ल्यातली शिबंदी मूठभर होती. बाहेरून कुमक येणं शक्यच नव्हतं. एकेकाला तीन-तीन कोपरे सांभाळावे लागत. माणसं उभ्याउभ्या डुलक्या घेत. तिने दगड खरे घेतले होते आणि माणसं मात्र दोन्हीकडे सारखी वाटून टाकली होती, लग्नाच्या पंगतीसारखी.

दुसऱ्या दिवशी तिने तटाला हातच लावला नाही. आतली माणसं कमी केली. मेलेला राखणदार खेळात उशिरा परतेल, तोही मोजक्याच वेळा, असं केलं. झालं, पारडं एकदम उलटं झुकलं. आता किल्ला पत्त्यांच्या बंगल्यासारखा कोसळू लागला आणि आतले रडकुंडीला आले. मग तिने त्यांना वाळूची पोती दिली, बाहेरचा तट सोडून मागे हटता येईल असा आतला दरवाजा दिला. हे दोन्ही जुन्या आराखड्यांत होतंच. थोडं इकडे, थोडं तिकडे करत काटा हळूहळू मधे आला.

शेवटच्या चाचणीतून दोन्ही गट भांडतच बाहेर पडले. एकांचं म्हणणं, तट फार उंच. दुसऱ्यांचं, माणसं फार थोडी. कधी हे जिंकले होते, कधी ते. मोठ्या बाई तिच्या टेबलापाशी आल्या.

"दोघंही अन्याय झाला म्हणतायत. म्हणजे जमलं."

तिने त्यांचे आभार मानले. बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि आज लवकर घरी जा म्हणाल्या.

ती घरी गेली नाही, दुकानात गेली. एक आजोबा चष्म्याची वाट बघत बसले होते. नवरा मान खाली घालून काडीचा बारीक स्क्रू पिळत होता. त्यांच्या घरात आभार मानायची रीत नव्हती. तरी ती काउंटरपाशी उभी राहून म्हणाली, "थँक्यू."

"कशाबद्दल?"

"माझ्यासाठी इतक्यांदा मेलास, त्याबद्दल."

आजोबांनी दचकून वर पाहिलं. नवऱ्याने काडी उघडमीट करून पाहिली, काच पुसली आणि म्हणाला, "त्यात काय एवढं. घरचंच काम."

पण चष्मा आजोबांच्या नाकावर चढवताना तो गालातल्या गालात हसत होता, आणि ते तिने पाहिलं.