दूरच्या वळणावरचं स्टूल

आमच्या मामांइतक्या गांभीर्यानं गाडी चालवणारा माणूस उभ्या यवतमाळ जिल्ह्यात सापडणार नाही, आणि त्यांची गाडी माझ्या तळहातावर मावते. पांढरकवड्याला हायवेवर त्यांचं ट्रकचे सेल्फ आणि डायनामो दुरुस्त करायचं दुकान आहे. मागच्या खोलीत प्लायवूडचा नागमोडी ट्रॅक, ट्रॅकला खाच. हातातला खटका दाबला की त्या खाचेला धरून गाडी विजेवर पळते. नागपुरातल्या हौशी मंडळींचा एक क्लब अशा गाड्यांची रॅली भरवतो. एकेक गाडी घड्याळाविरुद्ध धावते. वळणावर खाचेतून उडाली, तर कुणीतरी उचलून परत ठेवेपर्यंत घड्याळ काही थांबत नाही. या रॅलीसाठी मामा डोळ्याला भिंग लावून इवल्याशा मोटारीचं वाइंडिंग करायचे. टायर पॉलिशपेपरवर इतका वेळ घासायचे, की बाहेर ताटकळलेला ट्रकवाला तिसरा चहा मागवायचा. गाडीच्या पोटाला शिशाचा तुकडा चिकटवायचा, तर तो सोनाराच्या काट्यावर तोलून. माझ्या लग्नात मामा म्हणून पाठीशी उभे होते, अक्षता पडत असताना कानाशी वाकून म्हणाले, "मागचं टायर जरा कडक वाटते का बे तुले?"

सरावाला मामी दूरच्या वळणावर स्टूल टाकून बसायची, मांडीवर मेथी निवडत. गाडी उडाली की उचलायची, पदरानं पुसायची, खाचेत ठेवायची. "पाडाले तुमी, न् उचलाले मी," एवढं बोलून पुन्हा मेथीला लागायची. मामांची नजर घड्याळावर.

मामीला जाऊन आता वर्ष होत आलं. मध्ये कित्येक महिने मामा त्या खोलीत गेलेच नाहीत. पुढे गेले, तर गाडी पहिल्यासारखी धावेना. नेमकी त्याच वळणावर घसरायची. त्यांनी टायर बदलले, शिसं मागेपुढे केलं, मोटार चारदा उकलली. परवा मी गेलो तेव्हा सगळे सुटे भाग समोर मांडून बसले होते.

"हातच गेला बे माहा," ते म्हणाले. "क्लबवाल्यांले सांगून दे, मामा आता येत नाही म्हणून."

हे मामा बोलतायत यावर माझा विश्वास बसेना. एकदा जोडून, चालवून तर दाखवा, असं म्हणून मी मामीच्या स्टुलावर जाऊन बसलो. गाडी उडून माझ्या पायाशी आली. उचलली, तर टायरवर हायवेच्या धुळीचा थर. मी रुमालानं पुसून ठेवली आणि ती तेच वळण न घसरता काढून गेली. मामांनी खटका सोडला.

"काय केलं तू?"

"टायर पुसले. मामी दर वेळी पुसायची, पदरानं."

मामांनी गाडी उलटी करून टायरवरून अंगठा फिरवला.

"मले वाटे, मीच टायर चांगले घासतो," ते म्हणाले. "इतके वर्षं तिकडं पाह्यलंच नाही म्या."

मग मला स्टुलावरून उठवून त्यांनी घड्याळ लावलं. दोन फेऱ्या गाडी सुरेख गेली. तिसऱ्या फेरीला, त्याच वळणावर, त्यांनी मुद्दाम खटका पूर्ण दाबला. गाडी उडून रिकाम्या स्टुलापाशी पडली. मी उचलायला निघालो.

"राहू दे थोडा वेळ," मामा म्हणाले.

घड्याळ चालूच होतं. मामा स्टुलाकडे पाहत होते.