मधल्या रेषेवरचा हात

काल एसटीत चढताना दत्तूने पायरीला हात लावून कपाळाला लावला. कबड्डीत चढाईला जाण्याआधी तो मधली रेषा अशीच शिवायचा. मी त्याच्याच संघातला राखीव खेळाडू होतो. त्याच्यावर जीव टाकायचो आणि मनातून जळायचोही.

एका अंतिम सामन्यात त्याची पकड झाली आणि बाकावरून मी टाळी वाजवली.

"अरे, आपलाच गडी धरलाय!" शेजारचा ओरडला.

"चुकून वाजली," मी म्हणालो. ती चुकून नव्हती.

काल दत्तू माझ्याजवळ बसला. दुखरा गुडघा चोळत म्हणाला, "गड्या, एवढ्या गर्दीत तुझी टाळी ओळखू यायची. बळ यायचं बघ."

मला खरं सांगता आलं नाही. इतकं निर्मळ मनही त्यालाच मिळालं, याचाच हेवा वाटत राहिला.