लेबरचा अंगठा

त्यानं माझा अंगठा धरला. विचारलं नाही. मनगट ओढलं, अंगठा शाईच्या पॅडवर दाबला, उचलून कागदावर ठेवला आणि वरून स्वतःच्या बोटानं डावीउजवीकडे फिरवला. लहान पोराचं नाक पुसावं तसं. मग हात सोडला आणि म्हणाला, "नेक्स्ट."

सौदीतल्या राबिघच्या आमच्या कॅम्पातली मेस. सकाळची वेळ. टेबलावर कागदांचा गठ्ठा, समोर आमची रांग, टेबलामागे ॲडमिनचा साहेब. पुण्याचा. मी मराठी आहे कळल्यावर जरा हसला होता, तेव्हा मला वाटलं, चला, आपला माणूस भेटला. अंगठा धरायच्या आधी मी त्याला म्हटलंही होतं, "सर, मी वाचतो आणि सही करतो."

त्यानं मान वर केली नाही. "लेबरला थंब, स्टाफला साइन. रांग अडवू नकोस."

मी श्रीवर्धनच्या बाजूचा. बारावी पास. इंग्रजी सावकाश वाचतो, पण वाचतो. त्या दिवशी मी कशाला कबुली दिली, ते मला आजपर्यंत माहीत नाही.

मेसबाहेर आलो आणि माझा हात आपोआप केसांकडे गेला. अंगठ्याची शाई मी केसांना पुसत होतो. ही माझ्या आईची सवय. रेशनच्या दुकानात, तलाठ्याकडे, बँकेत ती अंगठा लावायची आणि शाई केसांना पुसायची. भिंतीला पुसली तर शिपाई खेकसायचा, पदराला पुसली तर डाग निघायचा नाही. मी शाळेत जायला लागलो तेव्हा म्हणाली, "बाबू, तू सही शीक रे. माझ्यावानी नको." मी शिकलो. मराठीत शिकलो, इंग्रजीत शिकलो. आणि समुद्र ओलांडून येऊन तिच्यासारखाच उभा होतो, डोक्याला शाई पुसत. तिथं मला असा राग आला की त्या दिवशी दुपारचं जेवण गेलं नाही.

मी इन्सुलेशनवाला. गरम पाइपांना काचेची लोकर गुंडाळायची आणि वरून ॲल्युमिनियमचा पत्रा चढवायचा. हातमोजे असतात, पण पत्र्याचा स्क्रू मोजे घालून धरता येत नाही. काचेची कुसळं आणि पत्र्याच्या कडा यांनी बोटं घासत जातात. माझ्या अंगठ्यावरच्या रेषा कधीच गेल्या. साइटच्या गेटवर हजेरीचं मशीन आहे, त्यावर अंगठा ठेवला की लाल दिवा लागतो. पुन्हा ठेव, पुन्हा लाल. मागची रांग शिव्या घालते. एकदा हाच साहेब गेटवर होता. हसून म्हणाला, "काय अंगठेबहाद्दर, आता अंगठाही गेला का?" सोबतचे इंजिनिअर हसले. मीही हसलो, कारण साहेब हसला की लेबरनं हसायचं असतं.

शुक्रवारी सुट्टी. नमाज झाली की मी घरी फोन लावतो. मुलगी सहावीत आहे, इंग्रजी शाळेत. त्या शुक्रवारी ती गडबडीत होती.

"अब्बा, बॉडी पार्टवर इडियम्स लिहायचेत. प्रत्येकाला एक वर्ड दिलाय. मला थंब आला."

सगळे शब्द सोडून पोरीला अंगठाच यावा. मी म्हटलं, वाच.

ती वाचत गेली. थंब्स अप म्हणजे शाबास. मी म्हटलं, आमच्यात अंगठा दाखवला तर त्याला ठेंगा म्हणतात. ती हसली. रूल ऑफ थंब म्हणजे ठोकताळा. ऑल थंब्स म्हणजे वेंधळा, ज्याच्या हातून एक काम धड होत नाही. सोअर थंब म्हणजे चारचौघांत डोळ्यांत खुपणारा. आणि अंडर समवन्स थंब म्हणजे दुसऱ्याच्या मुठीत असणं, तो म्हणेल तसं वागणं.

"याचं सेंटेन्स मी स्वतः केलंय," ती म्हणाली. "माय फादर इज अंडर नोबडीज थंब. करेक्ट आहे ना?"

मला शरम वाटली. माझ्या पोरीनं वहीत लिहिलं होतं की तिचा बाप कुणाच्या मुठीत नाही, आणि बापाचा अंगठा एका साहेबानं धरून फिरवला होता.

"करेक्ट आहे," मी म्हटलं. फोन ठेवला. आता ते खरं करणं माझ्याकडे लागलं.

पुढे पुन्हा कागद आले. काँट्रॅक्ट वाढवायचे. तीच मेस, तोच साहेब. माझा नंबर आला तसा त्यानं सवयीनं हात पुढे केला. मी मूठ आवळली. अंगठा आत.

"काय रे?"

"सर, पेन द्या. आधी वाचू द्या."

"अंगठा लाव आणि पुढे हो. शहाणपणा नको."

"सर, माझ्या अंगठ्याला रेषा नाहीत. तुमचं मशीन रोज सांगतं. कागदावर नुसता काळा डाग पडणार. त्यात मी कुठं आहे?"

साहेबाचा चेहरा उतरला नाही, तापला. "इकामा रिन्यू करायचाय ना?" इकामा म्हणजे इथं राहायचा परवाना. तो गेला की माणूस गेला. घर, पोरीची फी, आईची औषधं, सगळं त्या एका कार्डावर. घाबरलो, खोटं कशाला सांगू, पण मूठ उघडली नाही.

"करायचाय," मी म्हटलं. "सही करून."

"मग मागं उभा राहा. सगळ्यांचं होऊ दे."

उभा राहिलो. सगळ्यांचे अंगठे घेऊन झाले. मग त्यानं कागद माझ्या अंगावर टाकल्यासारखा सरकवला. मी वाचला. सावकाश, बोट ठेवून. कंपनी म्हणेल त्या साइटवर, कंपनी म्हणेल तितके तास. आणि शेवटी एक ओळ: वरील सर्व मजकूर मला माझ्या भाषेत समजावून सांगितला आहे.

कुणी सांगितला? कुणाच्या भाषेत? तिथं माझी भाषा बोलणारा एकच माणूस होता आणि तो म्हणाला होता, रांग अडवू नकोस.

मी त्या ओळीवर आडवी रेघ मारली. खाली सही केली. मराठीत, पूर्ण नावानं.

इकामा मिळाला, बदलीही मिळाली. मला रास अल खैरला पाठवलं. देशाच्या दुसऱ्या टोकाला, नव्या माणसांत. जाताना खोलीतला एकजण म्हणाला, "क्या मिला भाई?" मी म्हटलं, कागद वाचायला मिळाला.

एक गोष्ट साफ सांगतो. अंगठा लावण्यात लाज नाही. माझ्या आईनं अंगठा लावून घर चालवलं. ज्याला लिहिता येत नाही त्यानं अंगठा लावावा, पण स्वतःच्या हातानं, आणि कागदात काय आहे ते ऐकल्यावर. लाज आहे ती दुसऱ्याचं मनगट ओढणाऱ्याची.

इथंही कागद येतात. इथंही टेबल, पॅड, रांग. मी आता रांगेत पुढे उभा राहतो. कागद घेतो आणि हिंदीत मोठ्यानं वाचतो, मागच्या माणसाला ऐकू जाईल असं. शेवटच्या ओळीला थांबतो. "इसमें लिखा है, हमको सब समझाया गया. किसीको समझाया?"

परवा फोरमन जवळ येऊन म्हणाला, "चुप रह. काँट्रॅक्ट खलास करके घर भेज देंगे."

पाठवतील. पाठवायची ताकद आहे त्यांच्यात, ते मला ठाऊक आहे. घरी काय उत्तर द्यायचं तेही मी ठरवून ठेवलंय. पण मी इथं आहे तोवर माझ्या रांगेत न वाचलेल्या कागदावर एकही अंगठा पडणार नाही. उद्या नवे कागद येणार आहेत. मी वाचणार.